खिडकीतली इमरती

“चोरासाठी का माकडासाठी?” वेल्डिंगवाल्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

“मांजरासाठी.”

“कुणाचं मांजर आत यायलंय?”

“आत येत नाही. घरातलंच आहे. बाहेर जाऊ नये म्हणून जाळी पाहिजे.”

त्यानं हातातला होल्डर खाली ठेवला. नांदेडात अर्धं आयुष्य त्यानं खिडक्यांना ग्रिल ठोकण्यात घालवलंय. चोर येऊ नये म्हणून ठोकलं, माकडं येऊ नयेत म्हणून ठोकलं, एका गिऱ्हाइकाकडं तर शेजारची पोरं वाळत घातलेल्या कैऱ्या पळवतात म्हणून ठोकलं. पण घरातलं कुणी बाहेर जाऊ नये म्हणून जाळी मागायला आलेला मी पहिलाच. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि मोठ्या भावाच्या मायेनं म्हणाला, “जायलं तर जाऊ द्या की साहेब. मांजरच हाय.”

“तिसऱ्या मजल्यावरून?”

“मग काय झालं? चार पायावर पडतंय ते.”

“पडलंय एकदा,” मी म्हटलं. “हनुवटीवर.”

संध्याकाळी माप घ्यायला येतो म्हणाला, म्हणजे त्या दिवशी येणार नव्हता. मी आपला रस्त्यातल्या खिडक्या बघत बघत चालत घरी आलो, आणि त्या माणसावरचा राग हळूहळू उतरला. आपली खिडकी ही मुळातच संशयी वस्तू आहे. ग्रिल चोरासाठी, जाळी डासांसाठी, काळी फिल्म उन्हासाठी, पडदा समोरच्या इमारतीतल्या काकूंसाठी, आणि एवढ्यातूनही जे काही आत शिरेल त्याच्यासाठी कोपऱ्यात लिंबू-मिरची. बाहेरून कोण कोण येऊ शकतं याची पिढ्यान्‌पिढ्या यादी करून माणसानं खिडकी बनवलेली आहे. आतून कुणी बाहेर जाईल, हे तिच्या गावीच नाही. ग्रिलच्या दोन गजांमधलं अंतर चोराच्या डोक्याच्या मापानं ठरतं. मांजराच्या डोक्याचं माप कुणी घेतलेलं नसतं. आणि मांजराचं डोकं ज्या फटीतून गेलं त्या फटीतून मागचं सगळं मांजर जातं, कारण आपल्यासारखं त्याचं गळ्याजवळचं हाड खांद्याला जखडलेलं नसतं. ते नुसतं मांसात लोंबकळत असतं. म्हणजे चोर थोपवणारं ग्रिल मांजराच्या दृष्टीनं उघडं फाटकच.

गावाकडं हा प्रश्न नव्हता. आमच्या माळवदी घराला रस्त्याकडून खिडकी अशी नव्हतीच. हात-दीड हात जाडीच्या भिंती, आणि उजेड यायचा तो वरच्या साण्यातून. मांजर साण्यातून आत यायचं, साण्यातूनच बाहेर जायचं, आणि सगळ्या गल्लीची माळवदं एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे वरच्या वर गावभर फिरून यायचं. चुकून पडलंच तर उकिरड्यावर पडायचं. शिवाय ते कामावर होतं. बळदात ज्वारी असायची, ज्वारीला उंदीर असायचे, आणि उंदरांसाठी मांजर नेमलेलं असायचं. पगार म्हणून सकाळी वाटीभर ताक-भाकरी. आता ज्वारी पाच किलोच्या पिशवीत येते आणि पिशवी डब्यात जाते. मांजराची नोकरी गेली. बिनकामाचा जीव दिवसभर घरात बसला की जे करतो तेच ते करतं, खिडकीत बसतं. निवृत्त झाल्यापासून मीही तेच करतो, म्हणून बोलतोय.

इमरती आमच्याकडं आली ती श्रावणातल्या पावसात, लेकीच्या दप्तरातून. केशरी रंग, आणि झोपली की अंगाचं असं वेटोळं करायची की वजिराबादेतल्या एखाद्या हलवायानं आत्ताच कढईतून काढून पाकात सोडलीय असं वाटावं. नाव ठेवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बायको म्हणाली, मांजर घरात नको. आठवडाभरानं म्हणाली, स्वयंपाकघरात नको. पुढं “माझ्या उशीवर नको” इथपर्यंत आली आणि मग बोलायची थांबली.

दिवाळी, संक्रांत, शिमगा सगळं नीट गेलं. मग कूलर निघाला.

नांदेड-लातुरात मांजर खिडकीतून का पडतं हे समजायचं असेल तर आधी कूलर समजून घ्यावा लागतो. एसीला खोली बंद लागते. कूलरचं उलटं आहे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून आत फेकतो. ती दमट हवा पलीकडून बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात खोलीचं न्हाणीघर होतं. म्हणून एका खिडकीत कूलर बसवला की समोरची खिडकी सताड उघडी ठेवावीच लागते. पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेला की हा शास्त्रार्थ नांदेडातलं शेंबडं पोरही सांगतं. ज्यांच्याकडं एसी आहे त्यांच्या मांजरांना बंद काचा मिळतात; कूलरवाल्यांची मांजरं उन्हाळाभर उघड्या खिडकीसमोर असतात. शिवाय कूलर बसवलेल्या खिडकीतही तो कधी मापात बसत नाही. वर वीतभर, बाजूला चार बोटं फट राहतेच. त्या फटीत थर्माकोल, प्लायवूडचा तुकडा, मागच्या वर्षीचं कॅलेंडर आणि शेवटी एक जुनी उशी कोंबली जाते. इमरतीनं पहिल्याच दिवशी उशी खाली ओढून तिच्या जागी स्वतःला कोंबून घेतलं. ओल्या गवताचा वास आणि पोटाखाली थंडगार पत्रा, तिला दुसरं काय पाहिजे?

आता माझा गुन्हा कबूल करतो. फ्लॅट घेताना बिल्डरनं विचारलं होतं, “साहेब, टू ट्रॅक का थ्री ट्रॅक?” टू ट्रॅक म्हणजे दोन सरकत्या काचा. थ्री ट्रॅकमध्ये तिसऱ्या रुळावर जाळीचं तावदान येतं, आणि प्रत्येक खिडकीमागं पैसे वाढतात. मी बाणेदारपणे टू ट्रॅक सांगितलं. पुढं डास आल्यावर बाजारातून कापून मिळणारी, चिकटपट्टीनं लावायची जाळी आणली. त्या जाळीवर डास बसून विचार करतो आणि परत जातो. मांजर मात्र विचार करत नाही. चार दिवसांत जाळीचा एक कोपरा सुटला, आठव्या दिवशी तिथून इमरती दिसेनाशी झाली आणि मिनिटभरानं ग्रिलच्या पलीकडं, भिंतीबाहेरच्या चार बोटं रुंदीच्या कडेवर बसून मिशा पुसताना दिसली. मला घाम फुटला. तिला नाही.

तेव्हाच काहीतरी करायला हवं होतं. मी काय केलं तर तिचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सतरा जणांनी बदाम पाठवले.

पुढच्या रविवारी दुपारी साडेतीनला पार्किंगच्या पत्र्यावर असा आवाज झाला की तळमजल्यावरचे काका बनियनवर बाहेर आले. कुणी म्हणालं नारळ, कुणी म्हणालं चोर. समोरच्या कडेवर एक पारवा बसला होता आणि इमरतीनं आमच्या कडेवरून त्याच्यावर झेप घेतली होती, हे नंतर समोरच्या काकूंनी सांगितलं (पडदा त्यांच्यासाठीच लावलेला आहे, हे मी वर म्हटलंच). पारवा उडाला. इमरती पत्र्यावरून घरंगळत खाली, आणि खालून गायब. सगळी इमारत शोधाला लागली. गेटबाहेर, नाल्यापर्यंत, पार मुख्य रस्त्यापर्यंत लोक “इमरतीऽ, इमरतीऽ” करत गेले. त्या हाका ऐकून एक अनोळखी गृहस्थ थांबले आणि भाव विचारून गेले. ती सापडली पडल्या जागेपासून दहा पावलांवर, स्कूटीच्या मागं, भिंतीला चिकटलेली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पडलेलं मांजर लांब पळत नाही, सगळ्यात जवळच्या अंधारात शिरतं आणि हाकेला ओ देत नाही. शोधणारे मात्र पहिल्यांदा लांब पळतात.

तिला उचलून आणलं, तर चालत होती. सगळ्यांनी निःश्वास सोडला आणि एकामागून एक तेच वाक्य ऐकवलं. तळमजल्यावरच्या काकांनी, वॉचमननं, दूधवाल्यानं, फोनवरून माझ्या भावानं. मांजर चार पायांवर पडतं. आपल्या भाषेत मांजराला म्हणी पुष्कळ. उंदराला मांजर साक्ष असते, शिंक्याचं तुटलं की बोक्याचं फावतं, गळ्यात घंटा कुणी बांधायची यावर सभा भरतात. त्यातली एकही म्हण ऐकून कुणी खिडकी उघडी ठेवत नाही. फक्त ही एकच विमा पॉलिसीसारखी वापरली जाते, आणि तीसुद्धा अटी न वाचता.

रात्री इमरतीनं दुधाला तोंड लावलं नाही. मी झोप येईना म्हणून वाचत बसलो. आश्चर्य म्हणजे थोरामोठ्यांनी या एका म्हणीवर आयुष्यं घासलेली आहेत. वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं मांडणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल केंब्रिजमध्ये होता तेव्हा मांजरं खिडकीतून खाली टाकतो अशी त्याची ख्याती झाली. १८७० साली बायकोला लिहिलेल्या पत्रात त्यानं खुलासा केला, की खिडकीतून वगैरे काही नाही, दोनेक इंचांवरून टेबलावर नाहीतर गादीवर सोडायचं, आणि मांजर किती चटकन वळतं एवढंच बघायचं. बायकोला असा लेखी खुलासा द्यावा लागला, यावरून तोही आपल्यातलाच होता हे कळतं. मग १८९४ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच माणसानं पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं घेतली आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढं ठेवली. तिथले विद्वान चक्रावले. हवेत धरायला काही नाही, ढकलायला काही नाही, मग हा प्राणी वळतो कशाच्या जोरावर? उत्तर असं, की मांजर कमरेत वाकून स्वतःचे दोन भाग करतं. आधी पुढचा भाग वळवतं, तेव्हा मागचे पाय लांब ताणून मागचा भाग जड ठेवतं. मग त्याच्या उलट. १९६९ साली केन आणि शेर या दोघांनी याचं रीतसर गणित मांडलं. म्हणजे मांजराला जे जन्मानंतरच्या काही आठवड्यांत येतं ते माणसांना समजायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि मला अजून नीट समजलेलं नाही.

पण हे सगळं गणित वळण्याचं आहे. पोचल्यावर काय होतं, त्याचं नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला दीड सेकंदही लागत नाही. पोचताना पाय खालीच असतात, म्हण खोटी नाही. मात्र एवढ्या वेगात पाय फाकतात, छाती जमिनीला टेकते आणि मान झुकून हनुवटी आपटते. म्हणून पडलेल्या मांजरात डॉक्टर आधी पाय बघत नाहीत; जबडा, टाळू आणि श्वास बघतात. छातीत हवा कोंडली असेल तर मांजर दिवसभर शहाण्यासारखं कोपऱ्यात बसून राहतं आणि घरचे म्हणतात, बघा, काही झालं नाही.

यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास न्यूयॉर्कचा आहे. १९८४ साली तिथल्या एका मोठ्या प्राणी रुग्णालयात पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं आली. सरासरी साडेपाच मजले. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के जगली. एक तर ३२ मजल्यांवरून काँक्रीटवर पडून, एक दात तुटका आणि छातीला थोडा मार एवढ्यावर दोन दिवसांत घरी गेलं. आणि गंमत म्हणजे सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना खालच्यांपेक्षा इजा कमी. तज्ज्ञांनी कारण शोधलं, की अमुक उंचीनंतर वेग वाढायचा थांबतो, मांजर सैल होतं, उडत्या खारीसारखे पाय पसरतं. वाचून मला इतका आनंद झाला की आपण तिसऱ्याऐवजी आठव्या मजल्यावर फ्लॅट का घेतला नाही, असं वाटून गेलं.

मग कुणीतरी काढलेली शंका वाचली. दवाखान्यात आणली जातात ती मांजरं कोणती? जी आणण्यासारखी असतात ती. वरून पडून जी तिथंच संपली, त्यांना कोण कशाला आणेल? ती आकड्यात नाहीतच.

हे मात्र मला एका फटक्यात समजलं, कारण मी दर महिन्याला लातूरला जातो. बारावीचा, नीटचा निकाल लागला की लातूरच्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. ओळीनं हसरे चेहरे, खाली गुण. परगावचा माणूस ते बघून म्हणतो, या गावात जो येतो तो डॉक्टर होतो. लातूर पॅटर्नचं कौतुक मी कमी करत नाही, माझी लेकच तिथं अकरावीला आहे. पण ज्यांचा नंबर लागला नाही त्यांचा फ्लेक्स मी अजून कुठल्या चौकात पाहिलेला नाही. न्यूयॉर्कच्या मांजरांचाही फ्लेक्सच लागला होता.

सकाळी इमरतीची लाळ गळत होती. उचलली आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो, कारण तोच जवळ होता. तिथं आमच्या पुढं एक लाल कंधारी वळू उभा होता. कंधार तालुक्याच्या नावाची ही जात, आमच्या नांदेडचा मान. तो मान दरवाज्यात आडवा उभा राहिल्यामुळे आत जायला जागा नव्हती. त्याच्या मालकानं माझ्या टोपलीत वाकून बघितलं.

“काय झालं हिला?”

“पडली.”

“कुठून?”

“खिडकीतून.”

“आता खिडकीत कशाला बांधलाव?”

आत केसपेपर लिहिणाऱ्यानं मान वर न करता सवयीनं विचारलं, “दुभती का भाकड?” मग टोपलीतून आवाज आला तेव्हा त्यानं मान वर केली. डॉक्टर मात्र भला माणूस. त्यानं तिचं तोंड दोन बोटांनी अलगद उघडलं आणि म्हणाला, खालचा जबडा मधोमध सांधलेला असतो, तो सांधा सुटलाय. एक पत्ता लिहून दिला. तिथं दुपारी एक्स-रे झाला, भूल दिली, आणि जबडा तारेनं बांधला. छाती वाचली होती. बिल बघून बायकोनं तोंडी हिशेब केला. तीन खिडक्यांचा तिसरा ट्रॅक, वर मजुरी, तरी पैसे उरले असते.

“तार खिडकीला बांधली असती,” ती म्हणाली, “तर जबड्याला बांधावी लागली नसती.”

एकतीस वर्षांच्या संसारात तिची बरीच वाक्यं मला पटली आहेत, पण कबूल केलेलं हे पहिलंच.

वेल्डिंगवाला येईपर्यंत खिडक्या तशाच राहणार होत्या. म्हणून दातात तार घेऊन इमरतीची रवानगी आजोळी झाली, लातूरला. एसटीत टोपली मांडीवर, वर ओढणी. लोहा गेलं, माळेगाव आलं. इथल्या खंडोबाच्या जत्रेत घोडे, गाढवं, उंट, कुत्री, सगळ्यांचा बाजार भरतो. मांजर विकायला आलेलं मी तिथं कधी पाहिलं नाही. मांजर कुणी विकत घेत नाही, ते येतं. अहमदपूरच्या अलीकडं टोपली बोलली आणि कंडक्टर थांबला.

“काय हाय?”

“मांजर.”

“बोका का मांजर?”

“मांजर. मादी.”

“मग अर्धंच तिकीट,” तो म्हणाला आणि न फाडता पुढं गेला. २०२३पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. योजना इथवर पोचली असेल असं मला वाटलं नव्हतं.

लातुरात मेहुण्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. भाषा बदलते एवढाच फरक. नांदेडात मांजर “पडायलंय”, लातुरात “पडू लालंय”. खाली पोचायला वेळ जवळजवळ सारखाच. मी पोचलो तो टेप काढूनच. हॉलची, स्वयंपाकघराची मापं घेतली. बाथरूमच्या झरोक्यातल्या काचेच्या पट्ट्यांमागं पाइपांचा खड्डा असतो, तो तर मांजराचा सगळ्यात आवडता भुयारी मार्ग. तिथं लाकडी फळी ठोकली. खिडकीखालचा टीपॉय उचलून पलीकडं नेला. मग मामींच्या खोलीत गेलो. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. नात्यात आधी मामी होत्या, लग्नानंतरही मामीच राहिल्या.

“काय माप घेऊ लालाव, जावईबापू?”

“खिडकी बंद करायला लागेल मामी, रात्रीपुरती. मांजर आहे.”

“खिडकी बंद होत नसती.”

मेहुण्यानं मला डोळ्यानं गप्प केलं. मामींच्या उशाची खिडकी बंद होत नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मीच विसरलो होतो. त्या औसा तालुक्यातल्या. १९९३च्या ३० सप्टेंबरला, विसर्जनाच्या रात्री उशिरा गाव झोपलं, आणि पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. दगडामातीच्या भिंती आणि वर माळवदाची मणामणाची माती. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मामींच्या घराची एक बाजू पडली, माणसं दुसऱ्या बाजूला होती. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. फक्त तेव्हापासून उशाची खिडकी उघडी लागते. थंडीत कुणी लोटली तर झोपेतसुद्धा त्यांना कळतं.

मेहुणा हळूच म्हणाला, “आई, दुसरा मजला आहे. वेळ आलीच तर खिडकीतून कुठं जाणार आहेस?”

“जायचं नाही रे,” मामी म्हणाल्या. “हाक ऐकू आली पाहिजे.”

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. इमरती टोपलीतून निघून मामींच्या पायाशी गेली आणि तिथंच बसली.

मग लेक म्हणाली, “आज्जी, जाळीतून हाक येते की.”

मामींचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी लातूरच्या फॅब्रिकेशनवाल्यानं बारीक पोलादी तारेची जाळी अॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवून, स्क्रूनं भिंतीला आवळून दिली. चिकटपट्टीचा मी विषयच निघू दिला नाही, आणि तळहातानं सगळा जोर लावून चारही कोपरे स्वतः दाबून बघितले. मामींनी काच पूर्ण सरकवली, जाळीसमोर पलंगावर बसल्या आणि नातीला खाली पाठवलं. खालून आवाज आला, “आज्जीऽ!” ऐकू आला. मग मेहुण्याला पाठवलं. त्याचाही आला. मग मला पाठवलं. जावयानं सासूला भरदुपारी रस्त्यावरून हाका मारायच्या म्हणजे काय प्रकार असतो, ते वाचकांनी ओळखावं. समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं वर केलं. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, मामी घरातच आहेत, वर जावा की. वरून मामींचा आवाज आला, “आला. आता झोपायच्या टायमाला एकदा मारा, रात्रीचं कसं येतंय बघू.”

रात्री साडेदहाला मी परत खाली उतरलो.

तीन आठवड्यांनी इमरतीच्या जबड्याची तार अजून निघायची होती, पण खायला लागली होती, आणि वेल्डिंगवाल्याचा निरोप आला की जाळ्या बसल्या. आम्ही नांदेडला परत आलो तो ऐन मेचा दुसरा आठवडा. काम चांगलं झालं होतं. हॉलच्या ग्रिलला आतून जाळी, कूलरच्या खिडकीत वरच्या-बाजूच्या सगळ्या फटींना जाळी. थर्माकोल, कॅलेंडर, उशी सगळं निवृत्त. मी समाधानानं टाकीत पाणी भरलं आणि बटणाकडं हात नेला.

“थांबा,” बायको म्हणाली.

बाहेर सज्जाखाली, कूलरच्या डोक्यावर पारव्यानं घरटं केलं होतं. आम्ही नसताना, कूलरच्याच बाजूचं गवत काडी काडी उपसून. आत दोन पांढरी अंडी. पारवीण बसलेली, आणि तिच्यापासून वीतभरावर, जाळीच्या अलीकडं, इमरती बसलेली. दोघी एकमेकींकडं बघत होत्या. आता यात एक बारीक गोष्ट आहे. जाळी नसती तर इमरतीच्या भीतीनं पारवा तिथं टिकलाच नसता. आता नांदेडात याच्याइतकं सुरक्षित घरटं दुसरं नसेल. मागं जाळी, वर सज्जा आणि पुढं चोरासाठीचं ग्रिल.

“अंडी अठरा दिवस,” बायकोनं बोटं मोजली. “मग पिल्लं उडायला महिना.”

“म्हणजे जूनचा शेवट. मृग निघून जाईल!”

“मग तोवर कूलर नाही लावायचा. हादऱ्यानं अंडी फुटतील.”

मी वेल्डिंगवाल्याला फोन केला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“घरटं खाली घ्यायचंय का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग जाळी काढायची?”

“नाही नाही.”

“मग साहेब,” तो म्हणाला, “आता मी नेमकं कुणासाठी काय बसवू?”